वाईहून आलेली पिशवी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि जिला सांगायला हवं तिला तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का सांगते आहे? खरं सांगू का, मलाही नीटसं कळत नाही. दमले आहे, एवढंच. चार वर्षं एखादी गोष्ट तोंडात धरून बसलं की जबडा दुखायला लागतो हो.

आधी आमच्या गावाबद्दल सांगते. बघा, लगेच टाळाटाळ सुरू झाली माझी. पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आम्ही वेक्सफर्डला राहतो. आयर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातलं समुद्राकाठचं गाव. धक्का, धक्क्यावर कालवांच्या होड्या, आणि वारा — वारा तर असा की साडी नेसून बाहेर पडायचं म्हणजे आधी दहा सेफ्टीपिना. श्रीकांतला, माझ्या नवऱ्याला, इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली तेव्हा गावात मराठी घरं दोन. आम्ही तिसरे. आता पंचवीस-तीस असतील. आधी डॉक्टर आले, मग डब्लिनमध्ये शिकून नोकरीला लागलेली मुलं आली, मग डब्लिनच्या सिटीवेस्ट भागातली भाडी परवडेनाशी झालेले घरून काम करणारे आले. दिवाळीला चर्चचा हॉल घेतो आम्ही. कुणी बाळंत झालं की महिनाभर डब्यांच्या पाळ्या लागतात. तीन महिन्यांसाठी आलेले आईवडील संध्याकाळी धक्क्यावर फिरताना दिसतात — नऊवारी नाही तर पाचवारी, वर नातवाचं जाकीट, पायात स्पोर्ट्स शूज. मुलं मराठीत ओरडा खातात आणि इंग्लिशमध्ये उलट उत्तरं देतात. चाललंय. ग्रँड आहे सगळं, इथले लोक म्हणतात तसं.

आणि आमच्याकडे किलो चालतात.

म्हणजे काय, तर भारतात जाणारा माणूस परत येताना ग्रुपवर लिहितो — चार किलो रिकामे आहेत, कुणाला हवेत? की लगेच हात वर. एक किलो माझा. दीड मला दे ना. मग त्या-त्या घरची आई नाही तर सासू पुण्या-मुंबईला कुणाकडे तरी पिशवी पोहोचवते, आणि ती पिशवी चौदा-पंधरा तासांचा प्रवास करून इथे येते. त्यात काय असतं? मेतकूट, भाजणी, कुरडया, सांडगी मिरच्या. इथे डब्लिनला जाऊन सगळं मिळतं, नाही असं नाही. पण दुकानात भाजणी मिळते, आईची भाजणी मिळत नाही. कुणाच्या बॅगेत कुणाला किती जागा मिळते, त्यावरून आमच्याकडे मैत्री कळायची. सख्ख्या बहिणी नाहीत इथे कुणाला. किलो देणारी ती बहीण.

याचे नियम मी केले होते. हो, मीच. सतरा वर्षं झाली मला इथे, वयानेही मोठी, त्यामुळे सगळ्यांची शुभाताई. औषधं नेणार नाही, दागिने नेणार नाही, वजन करूनच पिशवी द्यायची. आणि सगळ्यात वरचा नियम — एकदा घेतलेली पिशवी मागे ठेवायची नाही. वजन जास्त झालं तर स्वतःचं सामान काढायचं, दुसऱ्याचं नाही. एका नवीन जोडप्याने एकदा कुणाची तरी पिशवी मुंबईतच ठेवली होती, तर मी त्यांना भर ग्रुपवर असं काही झापलं की पुढे दोन महिने ते बिचारे कार्यक्रमांना फिरकले नाहीत. मला त्याचा अभिमान होता! कुणीतरी म्हटलंही, ताई आहेत म्हणून शिस्त आहे. मी त्यावर हात जोडल्याची खूण टाकली होती.

आता मृणालबद्दल.

मृणाल वाईची. डब्लिनला एम.एस्सी. करायला आली, नोकरी लागली, लग्न झालं, आणि इथे वेक्सफर्डला घर घेतलं — आमच्यापासून चालत सात मिनिटांवर. आईवडिलांची एकुलती एक. मुलगी इरा, तेव्हा तीन वर्षांची. मृणाल फार लाघवी पोरगी. बिनकामाची येऊन बसायची, माझ्या प्रेसमधून — इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आता मीही म्हणते — स्वतःच कप काढून चहा करायची. माझा मुलगा गॉलवेला शिकायला गेल्यावर घर खायला उठायचं, तेव्हा तीच यायची. तिच्या वडिलांचे गुडघे गेलेले, त्यांना सोडून आई कुठे जायची नाही, त्यामुळे ते दोघं इथे कधीच आले नाहीत. नात फोनवरच बघितली. आईचं जे काही यायचं ते पिशवीतूनच.

तर चार वर्षांपूर्वी, दिवाळीच्या महिनाभर आधी, मी पुण्याला माझ्या धाकट्या बहिणीकडे, रेखाकडे गेले होते. ग्रुपवर लिहिलं — चार किलो. मृणालने फोनच केला. शुभाताई, यावेळी चारही मला द्या ना, आई म्हणते मसाला केलाय. मी म्हटलं, घे की.

तिची आई स्वतः आली. वाईहून एसटीने स्वारगेट, तिथून रिक्षाने कोथरूड. सोफ्याच्या अगदी कडेवर बसल्या. जेवायला नको म्हणाल्या, चहा घेतला, तोही अर्धा. आणि पिशवी माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "तीन किलो नऊशे आहे बरं का. वाण्याच्या काट्यावर मोजून आणलंय. तुमचा नियम चारचा ना?"

एकेक वस्तू काढून दाखवली मला. गोडा मसाला दीड किलो — काचेची नको म्हणून प्लास्टिकच्या बरणीत, आणि बरणीवर चिकटपट्टी लावून त्यावर बॉलपेनने लिहिलेलं, मृणाल. मेतकूट. भाजणी. आणि तूप.

तुपापाशी जरा चाचरल्या. "मृणाल नको म्हणते हो तूप. तिकडे चालत नाही म्हणते. पण इराला पोळीला लोणी लावून देते म्हणाली, मला बाई राहवेना." आयर्लंडचं लोणी हो! सगळं जग वाखाणतं ते, आणि या बाईंना नातीची दया आली होती. मी हसले. तूप खरंच चालत नाही, दुधाचं काही बाहेरून आणायला परवानगी नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मी स्वतः कितीदा आणलंय, कुणी बॅग उघडलीसुद्धा नाही. म्हणून म्हटलं, राहू द्या काकू, मी नेते. त्यांचा चेहरा काय खुलला. त्या गेल्यावर रेखा म्हणाली, किती गोड बाई आहे गं.

हे एवढं सगळं मला जसंच्या तसं आठवतं. आठवू नये असं कितीदा वाटलं, पण आठवतं.

निघायच्या दिवशी दुपारी बॅगा भरल्या. गाडी चारला येणार होती. रेखा कामावर. मी एकटीच काटा घेऊन बसले. तीस किलोची परवानगी, आणि बॅग भरली साडेतेहतीस.

जास्त कशाचं झालं होतं? तव्याचं. आदल्या दिवशी मी तुळशीबागेतून बिडाचा तवा घेतला होता. खोलगट, जाडजूड, साडेतीन किलोचा. माझी आजी असल्याच तव्यावर घावन करायची म्हणून हटून घेतलेला. रेखाने म्हटलंही, अगं, हे लोढणं कशाला? मी ऐकलं नाही.

एक तर तवा, नाही तर पिशवी. हिशेब इतका सरळ होता.

तुम्ही म्हणाल, मग घोळ काय? नियम तुझाच, काढ तवा. हो. मी काढलाही होता. खरंच काढला होता, फरशीवर ठेवला होता. मग त्याच्याकडे बघत बसले. आणि मनात काय आलं सांगू? आलं की — हिचं काय, हिची आई दर दोन महिन्यांनी मसाला पाठवतेच आहे. आपल्याला कोण पाठवतं? माझी आई जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. इतकी वर्षं मी गावभरच्या आयांच्या पिशव्या वाहते आहे, त्यात माझं म्हणून काही कधी नसतं. एक तवा न्यायचा तर तोही नाही?

हे कारण म्हणून सांगत नाही. नुसतं, तेव्हा मनात काय होतं ते सांगते आहे. मत्सर होता. पन्नाशीच्या बाईला तिशीतल्या पोरीचा, तिला आई आहे म्हणून वाटलेला मत्सर. दुसरा शब्द नाही त्याला.

पिशवी काढली, रेखाच्या ओट्यावर ठेवली, वर चिठ्ठी लिहिली — जास्तीचं झालं, वापरून टाक. आणि तवा भरला.

वापरून टाक! पुढच्या कुणाबरोबर तरी पाठवू, असंही लिहिलं नाही. कारण मग ग्रुपवर कळलं असतं ना, शुभाताईंनी पिशवी मागे ठेवली. ज्या बाईने त्या पोरांना झापलं त्याच बाईने. ते मला सहन होणार नव्हतं.

विमानात झोप लागली मला. तेही सांगायला हवं. छान झोप लागली.

डब्लिनला उतरले, कस्टम्सच्या हिरव्या दारातून सरळ बाहेर आले. कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. श्रीकांत गाडी घेऊन आला होता. हायवेला लागलो आणि मृणालचा मेसेज — पोहोचलात? आणि पिशवी? पुढे ती हसऱ्या तोंडांची रांग.

मी गाडीत बसल्या बसल्या लिहिलं. एअरपोर्टवर तूप धरलं गं. सगळीच पिशवी ठेवून घेतली.

इतकं सोपं होतं. तूपच नेमकं का लिहिलं? कारण ते पटण्यासारखं होतं. कारण त्या माउलीने स्वतः माझ्या हातात ते आयतं दिलं होतं. श्रीकांतलाही तेच सांगितलं. तो म्हणाला, जाऊ दे, तुला दंड नाही ना केला? नाही, म्हटलं, युअर मॅन अगदी सभ्य होता, सॉरी-सॉरी म्हणत होता. युअर मॅन — म्हणजे इथल्या भाषेत तो अमुक माणूस. असा कुणी माणूस नव्हताच. पण मी त्याला उंच केला, पिकल्या दाढीचा केला, त्याच्या तोंडी वाक्यं घातली. नंतर कार्यक्रमात चारजणींना ही गोष्ट रंगवून सांगितली तेव्हा त्याला चष्माही लागला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मृणालकडे गेले. वाटलं, प्रत्यक्ष जावं, बरं दिसेल. ती स्वयंपाकघरात होती, आणि आईशी फोन चालू होता, स्पीकरवर. मला बघून तिचा चेहरा कसानुसा झाला. माझ्याशी दोन वाक्यं बोलली आणि मग फोनकडे वळून एकदम भडकली.

"सांगितलं होतं ना तुला, तूप नको म्हणून! दहा वेळा सांगितलं होतं! ऐकायचंच नाही कुणाचं. ताईंना तिथे साहेबासमोर उभं राहावं लागलं तुझ्यामुळे! आणि मसालाही गेला सगळा कचऱ्यात!"

 पलीकडून हळूच, "कचऱ्यात टाकला का गं?"

मी सिंकपाशी उभी राहून पाणी पीत होते. ग्लास रिकामा झाला तरी तोंडाला लावून उभी होते. एका वाक्याचं काम होतं. मृणाल, तिला बोलू नकोस, चूक माझी आहे. बास. फार तर काय झालं असतं? महिनाभर गावात चर्चा. त्या नवीन जोडप्याने हसून घेतलं असतं. मी काय म्हटलं माहितीये? मी म्हटलं, "अगं असू दे, ओरडू नकोस त्यांच्यावर." मोठेपणा! स्वतःच आग लावायची आणि वर पाण्याचा तांब्या घेऊन उभं राहायचं.

पण हे सुद्धा ते नाही. ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते हे नाही.

दोन दिवसांनी मला फोन आला. वाईचा नंबर. मृणालच्या आई. त्यांनी मृणालकडून माझा नंबर घेतला होता, आणि इथे किती वाजले असतील ते विचारून घेतलं होतं, म्हणजे माझी झोपमोड नको. म्हणाल्या, "शुभाताई, माझ्यापायी तुम्हाला फार खाली बघावं लागलं. माफी मागायला फोन केला. तुम्ही एवढं ओझं वाहता आमच्या पोरींसाठी, आणि मी अडाण्यासारखं तूप घातलं. परत नाही हो असं करणार."

त्या माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या. माझी माफी मागत होत्या. रडत नव्हत्या, पण आवाज फुटत होता. आणि मी... सांगते. आलेच शेवटी इथे.

मी त्यांना म्हटलं, "असू दे काकू. पुढच्या वेळी लक्षात ठेवा."

पुढच्या वेळी लक्षात ठेवा. मी. त्यांना. कुणी जबरदस्ती केली नव्हती मला. नुसतं असू दे म्हणता आलं असतं. गप्प बसता आलं असतं. पण मी त्यांची माफी स्वीकारली आणि वर त्यांना समज दिली. आवाजही अगदी मायेचा काढला होता.

त्या म्हणाल्या, "हो हो, ठेवीन." आणि खरंच ठेवलं त्यांनी लक्षात. त्यानंतर काही म्हणून पाठवलं नाही. मृणाल सांगायची, आई हल्ली प्रत्येक गोष्ट विचारते — हे चालेल ना गं तिकडे? ते चालेल ना? इराला वाढदिवसाला काय पाठवू, की नको पाठवू? आधी अशी नव्हती हो ताई, म्हणायची, माझ्याशी बोलताना घाबरल्यासारखं करते. मी म्हणायचे, वय होतं गं. त्या तेव्हा फक्त सहासष्ट वर्षांच्या होत्या.

आणि आमच्या ग्रुपवर नवा नियम झाला — घरचं केलेलं काहीही पाठवायचं नाही, दुकानातलं बंद पाकीटच. शुभाताईंचं काय झालं ते आठवा, असं कुणीतरी लिहिलं. माझ्या थापेवर अख्ख्या गावाने नियम केला. किती आयांच्या पिशव्या बंद झाल्या असतील, मी मोजलेलं नाही.

फेब्रुवारीत त्या गेल्या. सकाळी चक्कर आली, साताऱ्याला न्यायच्या आत संपलं. मृणाल इथून निघेपर्यंत, पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत आली तेव्हा डब्यांच्या पाळ्या मी लावल्या. दोन आठवडे तिच्या घरी चूल पेटू दिली नाही. लोक म्हणाले, ताईंनी आईची माया दिली. मी ते ऐकून घेतलं.

तिने मला एकदाच विचारलं, त्या दिवसांत. "ताई, मी तिच्यावर तुपावरून ओरडले. तुम्ही होता ना समोर. फार बोलले का हो मी?" नाही गं, म्हटलं. आई असं मनात ठेवत नसते.

मला ठाऊक होतं की त्यांनी मनात ठेवलं होतं. मला फोन करून सांगितलं होतं त्यांनी.

त्या उन्हाळ्यात मी पुन्हा पुण्याला गेले. रेखाने आमटी केली होती. पहिला घास घेतला आणि विचारलं, काय घातलंस गं यात? रेखा म्हणाली, अगं तोच मसाला, तू ठेवून गेलीस तो. पुरवून पुरवून वापरते. काय हात आहे त्या बाईचा! मला आधी कळेना वेगळं काय लागतंय. मग एक दिवस तळहातावर घेऊन चाटून बघितला, तर यात कारळे आहेत. थोडेच, भाजून. आपल्याकडे कुणी घालत नाही गोड्या मसाल्यात.

मी आमटी दोनदा वाढून घेतली. होय. घास घशात अडकला, जेवण गेलं नाही, असलं काही झालं नाही. फार चांगली झाली होती आमटी. भातावर घेतली, मग नुसती प्यायले.

बरणी ओट्यावरच होती. निम्मी भरलेली. चिकटपट्टीवरची शाई जरा फिकटली होती, पण नाव वाचता येत होतं. जगात त्या बाईच्या हातचं आता तेवढंच उरलं होतं, आणि ते जिच्यासाठी होतं ती वेक्सफर्डला बसून, आईच्या हाताची चव आठवत नाही म्हणून रडत होती. यावेळी माझी बॅग चोवीस किलो होती. सहा किलो जागा होती, ऐका, सहा! बरणी मी बॅगेत ठेवली. मग काढली. मग पट्टी सोलून दुसऱ्या डब्यात मसाला ओतावा, तुझ्या बाबांनी दिला म्हणून सांगावं, असंही मनात आलं. पण तिने बाबांना विचारलं असतं. एक थाप सांभाळायला दुसरी मारायची, तर ती पकडली जाईल ही भीती. मी बरणी परत ओट्यावर ठेवली. रेखाने दिवाळीपर्यंत संपवला.

पहिल्या वेळी मत्सर होता, म्हटलं ना मी? दुसऱ्या वेळी तोही नव्हता. आई गेलेल्या मुलीचा कसला मत्सर करणार? दुसऱ्या वेळी नुसती माझी अब्रू होती. आधी केलं ते एका दुपारचं होतं, तव्याकडे बघता बघता झालेलं. हे मी शांतपणे, दोन दिवस विचार करून केलं.

आता मृणाल दर उन्हाळ्यात मसाला करते. आईने कृती कधी लिहून दिली नव्हती, सगळं अंदाजाने. वडिलांना विचारलं तर म्हणतात, डब्यात असायचा बाई, मला काय माहीत. आत्याला विचारलं, मावशीला विचारलं, वहीत लिहून घेतलं. मग इथे खोबरं भाजते, दगडफूल भाजते, घरातला धुराचा अलार्म ठणाणा बोंबलतो, इरा टॉवेल घेऊन त्याच्याखाली नाचते, खिडक्या उघडल्या की वाऱ्याने तीळ उडतात. आणि पहिली वाटी घेऊन येते ती माझ्याकडे. तिचं घर सोडलं तर तिच्या आईला भेटलेली इथली मी एकटीच ना, म्हणून.

यंदा तिसरी वेळ. जूनमध्ये बोलावलं होतं तिने मला. आमटी केली होती. इरा आता सात वर्षांची, तिने आधी चाखली आणि म्हणाली, "इट्स ग्रँड, मॅमी." मृणाल हसली, पण तिने माझ्याकडे बघितलं. मी चमचा तोंडात घातला.

धणे बरोबर, खोबरं बरोबर, दगडफूल अगदी बरोबर. फार जवळ आली होती पोरगी. फक्त ते एक नव्हतं.

"काहीतरी राहतंय हो, शुभाताई," ती म्हणाली. "काय ते कळत नाही. पुढच्या वेळी विचारू विचारू करता करता राहिलं. आणि मी तसं ओरडल्यावर तिने मसाल्याचा विषयच काढला नाही परत, मीही नाही काढला. लाज वाटायची. तुम्हाला काय वाटतं, काय राहतंय?"

कारळे. एवढा एक शब्द. जिभेवर होता माझ्या. या देशात तो ठाऊक असलेली मी एकटी. पण मी म्हटलं असतं, तर तिने विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत? तुम्ही कुठे चाखलात आईचा मसाला?

ती वही उघडून, पेन घेऊन माझ्यासमोर बसली होती.

मी म्हटलं, "लवंग जरा जास्त झालीय. पुढच्या वेळी कमी कर."

तिने ते लिहून घेतलं.